चहा पाण्यात धरायचा की नाही? घरात तंटा पेटलाय

नाशिककरीण (धागाकर्ती) | सोमवार, रात्री ९:१२

माझे वडील, अण्णा, वय ७४. जिल्हा परिषदेच्या हिशेब विभागातून निवृत्त झाले, पण हिशेब त्यांच्यातून निवृत्त झाला नाही. गेल्या महिन्यात मूतखडा झाला, दुर्बिणीतून काढला. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "भरपूर पाणी प्या, तीन लिटरच्या आसपास पोटात गेलं पाहिजे." दुसऱ्याच दिवशी कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला एक वही लटकली.

कालचं पान जसंच्या तसं देते:

सकाळी तांब्या ६००. चहा १२०. चहा १२० (पेपरबरोबर). गोळीबरोबर पाणी १००. आमटी दोन वाट्या २५०. ताक २००. दुपारी पाणी ४००. चहा १२०. कलिंगड ३०० (अंदाजे). चहा १२०. रात्री पाणी ५००. एकूण २८३०. शेरा: समाधानकारक.

आईला हे मान्य नाही. तिच्या मते चहा जमेला धरणं म्हणजे शुद्ध लबाडी. चहा अंगातलं पाणी ओढून काढतो, तेव्हा तो खर्चात टाकायला हवा. आमटी म्हणजे जेवण, कलिंगड म्हणजे फळ. तिच्या हिशेबात अण्णा १६०० वर अडकलेत, त्यातून चहाचे ४८० वजा, म्हणजे आनंदच. काल रात्री ती अण्णांच्या उशाशी भरलेला तांब्या ठेवून म्हणाली, "हा संपल्याशिवाय दिवा बंद होणार नाही."

निकाल द्या. काय काय धरायचं?

पेठेतला | सोमवार, रात्री ९:३०

आईंचं बरोबर आहे. चहा प्यायला की दहा मिनिटांत जावं लागतं, याचा अर्थ काय? आठ ग्लास म्हणजे साध्या पाण्याचे आठ ग्लास. बाकी सगळ्या पळवाटा.

कटिंग_दोन | सोमवार, रात्री ९:३४

आज सहा कटिंग झाले. या हिशेबाने मी एव्हाना वाळून खारीक व्हायला हवा होतो.

स्टेथोस्कोप | सोमवार, रात्री १०:४५

फॅमिली डॉक्टर आहे. हे भांडण माझ्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी येतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कॅफीनने लघवी वाढते हे खोटं नाही. पण कोणाची वाढते? ज्याने चार दिवस चहा-कॉफीला तोंड लावलेलं नाही आणि मग एकदम तीनशे मिलिग्रॅम पोटात ढकललं, त्याची. रोज घेणाऱ्याचं शरीर त्याला सरावतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात २१ पुरुषांना बारा तासांत २४० मिलीचे चार किंवा सहा मग चहा दिला, आणि दुसऱ्या फेरीत तेवढंच नुसतं पाणी. रक्त आणि लघवी तपासली, फरक सापडला नाही. २०१४ साली बर्मिंगहॅम विद्यापीठाने रोज कॉफी पिणारे ५० पुरुष घेतले. दिवसाला २०० मिलीचे चार मग, असं तीन दिवस, आणि नंतर कॉफीऐवजी पाणी. शरीरातलं एकूण पाणी दोन्ही वेळा सारखंच भरलं. (दोन्हीकडे नुसते पुरुष. बायका चहा पीत नाहीत अशी कोणाची समजूत आहे कोण जाणे.)

आता आपल्या कपात कॅफीन असतं किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दीडशे मिली चहाला ३० ते ६५ मिलिग्रॅम धरलंय आणि दिवसाची मर्यादा ३०० सांगितलीय. अण्णांचे चार कप आरामात बसतात. तेव्हा चहा पूर्ण जमा, वजावट शून्य.

आईंना मात्र अगदीच रिकाम्या हाती पाठवत नाही. त्याच मार्गदर्शिकेत जेवणाआधी आणि जेवणानंतर तासभर चहा-कॉफी टाळा असंही आहे, कारण त्यातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. हिमोग्लोबिन नऊवर आलेल्या किती बायका जेवणाचं ताट बाजूला सारून लगेच चहा घेतात, मोजायला गेले तर तीच एक वही भरेल. आणि साखर. कपाला दोन चमचे म्हणजे चार कपांना आठ, जवळपास ४० ग्रॅम. पाण्याच्या रकान्यात चहा बसतो खरा, पण तो एकटा बसत नाही.

पेठेतला | सोमवार, रात्री ११:०२

डॉक्टर, प्रयोग ठीक आहेत, पण चहा उष्ण पडतो त्याचं काय? लहानपणापासून ऐकतोय.

स्टेथोस्कोप | सोमवार, रात्री ११:१०

उष्ण पडणं वेगळं आणि पाणी कमी होणं वेगळं. रिकाम्या पोटी तीन कप घेऊन जळजळ होते, तोंड येतं, झोप उडते, याला लोक उष्णता म्हणतात. तो त्रास खरा आहे, पण तो पाण्याच्या वहीत लिहायचा नाही. आणि दहा मिनिटांत जावं लागतं ते बहुतेक आधीच्या तांब्यामुळे.

जुनी_कात्रणं | मंगळवार, सकाळी ७:५०

आठ ग्लासांचा जन्म कुठे झाला ते कोणी काढलं नाही, म्हणून मी काढतो.

१९४५ साली अमेरिकेच्या अन्न आणि पोषण मंडळाने लिहिलं की मोठ्या माणसाला दिवसाला साधारण अडीच लिटर पाणी लागतं, म्हणजे अन्नाच्या दर कॅलरीमागे एक मिली. त्याच्या लगेच पुढच्या वाक्यात होतं की यातलं बरंचसं तयार अन्नातच असतं. लोकांनी पहिलं वाक्य भिंतीवर लावलं आणि दुसरं विसरले. मूत्रपिंडाच्या कामावर आयुष्य घालवलेल्या हाइन्झ वाल्टिन यांनी २००२ मध्ये आठ ग्लासांचा शास्त्रीय आधार शोधत सगळं वाङ्मय धुंडाळलं. त्यांच्या हाती काही लागलं नाही.

पुढे २००४ मध्ये अमेरिकेनेच नवे आकडे दिले: पुरुषांना ३.७ लिटर, बायकांना २.७. हे वाचून घाबरू नका. ते एकूण पाणी आहे, पाणी, चहा, दूध, आमटी, फळं सगळं मिळून, आणि त्यातलं सुमारे २० टक्के जेवणातून येतं असं तिथेच म्हटलंय. युरोपने २०१० मध्ये अडीच आणि दोन लिटर सांगितलं. तेही एकूणच.

आता त्या २० टक्क्यांत आपलं ताट बसवून बघा. शिजलेल्या भातात वजनाच्या दोनतृतीयांश पाणी. काकडी आणि कलिंगड नव्वद टक्क्यांच्या वर. त्यावर वरण, कढी, रस्सा. कोरड्या पावावर चीज ठेवून जेवणाऱ्याच्या मानाने वरणभात खाणारा ताटातूनच किती पाणी पितो! अण्णांनी पोहे आणि भात वहीत घेतलेले नाहीत, म्हणजे त्यांनी उलट कमीच दाखवलंय.

शिवाय अन्न जाळताना शरीर स्वतःही दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी तयार करतं. हे अण्णांना सांगू नका.

नाशिककरीण | मंगळवार, सकाळी ८:२०

सांगितलं. "व्याज" असा नवीन रकाना आखून झालाय.

खाडीपलीकडची | मंगळवार, सकाळी ९:०५

आणि पेज इसारलात? आमच्याकडे सकाळी आधी पेज, मग कामाला. उकडे तांदूळ, भरपूर पाणी, मीठ, तोंडी लावायला लोणचं नाहीतर सुका बांगडा. माझी आजी पाणी असं फारसं पीत नव्हती, तहान लागली की पेजेचं पाणी किंवा कोकमाचं आगळ घालून केलेलं सरबत. डॉक्टरांनी कधी विचारलं असतं "पाणी किती पिता?" तर तिने खरं उत्तर दिलं असतं, "नाही पीत." आणि डॉक्टर घाबरले असते.

सोलकढी मात्र मी पाण्यात धरणार नाही. नारळाचं दूध आहे ते. वाटीभर पुरे.

कटिंग_दोन | मंगळवार, सकाळी ९:१५

शेजाऱ्यांचा प्रश्न आहे. बिअर धरतात का?

स्टेथोस्कोप | मंगळवार, दुपारी १:४०

शेजाऱ्यांना नमस्कार सांगा. मेंदूतून एक संप्रेरक निघतं, ते मूत्रपिंडाला "पाणी धरून ठेव" असं सांगतं. दारू ते दाबून टाकते. साध्या बिअरमध्ये पाणी इतकं आणि दारू इतकी कमी असते की हिशेब जेमतेम बरोबरीत सुटतो. क्वार्टरचा सुटत नाही. आणि घाम गाळून आल्यावर तहान भागवायला बिअर, हे कुठल्याच वहीत चालणार नाही.

पेयांची खरीखुरी स्पर्धाही झालेली आहे. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये ७२ पुरुष (पुन्हा पुरुष!) आणि १३ पेयं. प्रत्येकाने एक लिटर अर्ध्या तासात संपवायचं आणि पुढचे तास किती बाहेर येतं ते मोजायचं. चहा, कॉफी, कोला, लागर बिअर साध्या पाण्याच्या आसपासच राहिले. पाण्याच्या पुढे कोण गेलं? ओआरएस आणि दूध. दुधात सोडियम आहे, पोटॅशियम आहे, साखर आहे, प्रथिनं आहेत, त्यामुळे ते जठरातून सावकाश पुढे सरकतं आणि पाणी अंगात रेंगाळतं. ताक त्या यादीत नव्हतं. युरोपातल्या लोकांना सुचणार कसं!

वऱ्हाडी_ठेचा | मंगळवार, दुपारी २:३०

काहून बा, तुमचं सारं भांडण कपात आन् वाटीत. आमच्या इकडं मे मधी पारा ४५ च्या वर जाते. तथी कोणी मिली मोजत नाही.

बरं, सगळ्यांना कळावं म्हणून सरळ लिहितो. आमच्या शेतात निंदायला बाया येतात. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. माठ भरून ठेवतो, तरी त्या पाणी कमी पितात. दोन वर्षं मला वाटायचं, माठातलं पाणी आवडत नसेल. मग बायकोने सांगितलं, आडोसा नाही, जायचं कुठं? म्हणून पीतच नाहीत, आणि घरी जाऊन लघवीच्या जळजळीने तळमळतात. धुऱ्यावर (बांधावर) चार बांबू रोवून हिरव्या नेटचा आडोसा केला. माठ दुपारीच संपायला लागला. एसटीनं लांब जाणाऱ्या, रस्त्यावर बंदोबस्ताला उभ्या राहणाऱ्या, सगळ्यांची हीच कथा. पाण्याचं गणित पिण्यावरच थांबत नाही.

आणि उन्हात राबणाऱ्याला चहा जमा की खर्च हा प्रश्नच नाही. त्याच्या घामातून मीठ जातं. आंबील, मिठाचं ताक, कैरीचं पन्हं हे उगाच नाही आलं. पाकिटातलं घ्यायचं तर नाव वाचून घ्या. ओआरएस नाव छापून गोड सरबत विकणं इतकं बोकाळलं होतं की २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयला (केंद्राचं अन्नसुरक्षा खातं) ते नावच काढायला लावावं लागलं. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाई त्यासाठी आठ वर्षं भांडत होत्या.

खाडीपलीकडची | मंगळवार, दुपारी २:५२

ठेचा भाऊ, आडोशाचं वाचून गप्प झाले. आमच्या शाळेत मुली डबा खायच्या पण बाटली तशीच परत आणायच्या. तेच कारण.

स्टेथोस्कोप | मंगळवार, दुपारी ३:१५

वऱ्हाडी_ठेचा, हे माझ्याकडून लिहायचं राहिलं होतं. बरं झालं तुम्ही लिहिलंत.

ओआरएसचं पाकीट जवळ नसेल तर: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा पोह्यांचा नाही, चहाचा लहान. मीठ अंदाजाने टाकू नका, चव अश्रूंहून खारट लागली तर ओतून द्या आणि पुन्हा करा. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच मीठ-साखरेचं पाणी ड्रममधून वाटलं आणि कॉलऱ्याचे हजारो रुग्ण वाचवले. साखर इथे चवीपुरती नाही. ग्लुकोज आतड्यातून सोडियमला हाताला धरून आत नेतं, आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं.

वाटीभर | मंगळवार, रात्री १०:२०

एरवी फक्त वाचते, आज लिहिते.

माझ्या मिस्टरांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. तुम्ही "काय धरायचं" असं विचारताय आणि सगळे हसतखेळत उत्तरं देताहेत, ते वाचून मजाही वाटली आणि घशाशीही आलं. आमच्याकडे सगळं धरतात. दिवसाला ७०० मिली. त्यात चहा, गोळ्यांचं पाणी, आमटी, दही, बर्फाचा खडा, आइस्क्रीम, कलिंगडाची फोड, सगळं. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन एक किलो वाढलं म्हणजे एक लिटर अंगात साठलं, वजनकाट्यापुढे खोटं बोलता येत नाही. अडीच किलो वाढवून गेलो की तिथली सिस्टर नुसती बघते.

मी सकाळी ७०० मिलीची बाटली भरून ओट्यावर ठेवते. त्यांनी चहा घेतला की तेवढं पाणी बाटलीतून झाडाला घालते. आमटी वाढली की तेवढं. संध्याकाळी बाटलीत जे उरेल ते त्यांचं. तुळस मात्र तरारून आलीय.

कोणाला उपयोग होईल म्हणून: मीठ कमी केलं तर तहान आपोआप कमी होते, हे आम्हाला सहा महिन्यांनी कळलं. लहान कप वापरा. नुसती चूळ भरली तरी बरं वाटतं. आणि भेटायला येणाऱ्यांनी कृपा करून शहाळं आणू नये. त्यातलं पोटॅशियम किडनी बंद पडलेल्या माणसाला विषासारखं आहे. आमच्याकडे एकदा चार आली होती, प्रेमानेच.

कटिंग_दोन | मंगळवार, रात्री १०:४१

ताई, माझे वरचे विनोद मागे घेतो.

वाटीभर | मंगळवार, रात्री १०:४४

नका घेऊ. ह्यांना वाचून दाखवले. खारीकवर हसले.

बर्फातला_धावपटू | बुधवार, पहाटे ५:३०

मिनेसोटातून. इथे उलटी साथ आहे. ऑफिसात लोक गॅलनचा जग कडेवर घेऊन फिरतात, तहान लागो न लागो.

मी मॅरेथॉन पळतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ जणांचं रक्त तपासलं. १३ टक्के लोकांचं सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, जास्त पाण्याने पातळ होऊन खाली गेलेलं. वाटेत इतकं प्यायले होते की कित्येकांचं वजन शर्यतीनंतर वाढलं होतं! भरपूर पाणी प्या हा सल्ला सगळ्यांना सरसकट देता येत नाही तो यामुळेही. मी आता तहानेवर पितो.

स्टेथोस्कोप | बुधवार, सकाळी ८:००

तुमच्या वयाला तहानेवर चालेल. अण्णांच्या वयात ती घंटाच मंद वाजते. १९८४ मध्ये तरुण आणि म्हातारे, दोघांनाही २४ तास पाणी न देता ठेवलं होतं. नंतर समोर पाणी ठेवल्यावर म्हाताऱ्यांना तहान कमी जाणवली आणि ते प्यायलेही कमी. म्हणून उतारवयात वही टांगणं वेडेपणाचं नाही.

पण नाशिककरीण, एक गोष्ट पहिल्या दिवसापासून मनात आहे. मूतखडा परत होऊ नये म्हणून पाणी प्यायचं ते लघवी पातळ राहावी म्हणून. ज्यांना खडे पुन्हा पुन्हा होतात त्यांना आम्ही दिवसाला अडीच लिटर लघवी झाली पाहिजे असं सांगतो. म्हणजे अण्णांची वही चुकीच्या टोकाला टांगलीय. काय आत गेलं यावर भांडण्यापेक्षा एक दिवस काय बाहेर आलं ते मोजा. त्यांच्या सर्जनना विचारून घ्या, हृदय आणि प्रोस्टेट ठीक आहे ना तेही. आणि ताकातलं, लोणच्यातलं मीठ आवरा, जास्त मिठाने लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. दूध-ताक मात्र बंद करू नका, ते बंद केलं की खडे थांबतात हा गैरसमज आहे. लिंबूपाणी चांगलं, साखर-मीठ न घालता.

पेठेतला | बुधवार, सकाळी ८:२५

म्हणजे चहा जमा?

स्टेथोस्कोप | बुधवार, सकाळी ८:२६

जमा.

पेठेतला | बुधवार, सकाळी ८:३१

ठीक. पण पाहुणा आला की आपण आधी पाणी देतो आणि मग चहा विचारतो. गावाकडे गूळ-पाणी देत, तेव्हा चहा नव्हताही. चहाने तहान भागत असती तर तांब्या-भांडं पुढे कशाला केलं असतं? एवढा मुद्दा नोंदवून मी थांबतो.

जुनी_कात्रणं | बुधवार, सकाळी ८:४०

हा मुद्दा मला खोडता येत नाही. पेठेतून आला असला तरी.

नाशिककरीण | शुक्रवार, रात्री ८:५५

सर्जनशी बोललो. ते म्हणाले, अडीच लिटर बरोबर आहे, हृदयाचं काही नाही, प्या.

मग काल मोजणी झाली. हॉस्पिटलातून आलेलं मापाचं प्लास्टिकचं भांडं फेकलं नव्हतं हे नशीब. अण्णांनी न्हाणीघराच्या दाराला पेन बांधलं. सकाळी सहा ते आज सकाळी सहा. आत गेलं २९१०, बाहेर आलं १६५०.

अण्णा तासभर सुन्न. "बाराशे साठ गेले कुठे?" श्वासातून, कातडीतून, घामातून जातं असं सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे घसारा." तोही रकाना आता आहे. व्याजाचा रकाना खोडलाय, कारण त्याने तफावत वाढत होती.

आई जिंकल्यासारखी बघत होती, पण चहा जमाच आहे हे मी तिला डॉक्टरांच्या शब्दांत वाचून दाखवलं. त्यावर ती म्हणाली, "असू दे. अर्धा चमचा साखर कमी." अण्णांनी पानाच्या तळाशी लाल शाईने लिहिलं, "येणे बाकी ८५०," वही खिळ्याला लावली आणि चहा मागितला.

आईने आधी पाणी दिलं.